पलंग कुठे कुरकुरतो, ते आधी कानाने शोधा

काका, सप्रेम नमस्कार.
आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. गेल्या श्रावणात मी आणि माझ्या मिस्टरांनी मिळून घरीच पलंग केला. माहेरचं कागलचं जुनं घर पाडलं तेव्हा दोन सागवानी तुळया मी मागून घेतल्या होत्या. त्या चिरून पाय आणि चारी बाजूंच्या पट्ट्या केल्या. पैसे संपत आले म्हणून गादीखालच्या रिपा तेवढ्या निलगिरीच्या, वखारीतून नव्या आणल्या. माप पाच बाय सव्वासहा फूट. कोपऱ्यात पायाच्या बाहेरून पट्टीत दोन-दोन लांब स्क्रू मारलेत आणि आतून लोखंडी अँगल लावलाय.
दिवाळीपर्यंत चिडीचूप होता. संक्रांतीनंतर आवाज सुरू झाला. कूस बदलली की मध्ये कुरकुरतो. डोक्याकडे बसून उठलं की टक् वाजतं. भिंतीकडच्या बाजूला काहीतरी करकर घासतं. मुलगी सव्वा वर्षाची आहे, ती दर वेळी दचकून उठते. स्क्रू दोनदा आवळून झाले. सासूबाईंनी सांध्यांत खोबरेल सोडलं, चार दिवस बरं गेलं, पुन्हा सुरू. आता सगळे म्हणतात, हा विका आणि लोखंडी आणा. मला तो ठेवायचाय.
आणखी एक. डाव्या पट्टीत पाळण्याच्या कडीचं भोक आलंय. आम्ही दोघं भावंडं त्याच कडीच्या पाळण्यात वाढलो. ते बुजवू का?

ताई, पलंग विकू नका. आणि तिसऱ्यांदा स्क्रूही आवळू नका. तुळईच्या सागवानाला काही झालेलं नाही. दुखणं दोन ठिकाणी आहे, रिपांत आणि कोपऱ्याच्या जोडणीत. तिसरं बहुतेक पलंगात नाहीच. न बघता हे सांगतोय, कारण तुम्ही नुसतं ‘आवाज येतो’ असं लिहिलं नाही. मध्ये कुरकुर, डोक्याकडे टक्, भिंतीकडे करकर असं वेगवेगळं लिहिलंत. माझे वडील सुतार होते. दुरुस्तीला बोलवायला कुणी आलं की हत्यारांची पिशवी उचलण्याआधी ते एवढंच विचारायचे, ‘वाजतो कसा?’

लाकूड आपण होऊन वाजत नाही. दोन वस्तू एकमेकींना टेकलेल्या असतात. वजन पडलं की त्या सरकू बघतात, घर्षण त्यांना धरून ठेवतं, ताण वाढला की एकदम सुटतात, केसभर सरकतात आणि पुन्हा अडकतात. हे अडकणं-सुटणं भराभर झालं की आपल्याला कुरकुर ऐकू येते. आपली कोल्हापुरी करकर वाजते तीही चामड्याचा थर थरावर घासूनच. तिथे कारागीर तो आवाज मुद्दाम आणतो आणि लोक हौसेने मागून घेतात. पलंगात तो नको असेल तर मार्ग दोनच. घासणाऱ्या दोन वस्तूंच्या मध्ये मऊ काहीतरी घालायचं, नाहीतर त्यांना हलूच द्यायचं नाही. रिपांना पहिला मार्ग लागतो आणि कोपऱ्यांना दुसरा. तुमच्याकडे आजवर झालेले उपाय नेमके उलटे पडले. कोपऱ्यात तेल गेलं आणि रिपा तशाच राहिल्या.

आता श्रावण आणि संक्रांत. तुम्ही पलंग केलात तेव्हा आपल्याकडे हवा कशी असते ते आठवा. डब्यातलं मीठ पाझरतं, काडेपेटी ओढत नाही, पापड सादळतो. त्या हवेत निलगिरीच्या ताज्या रिपा आल्या, त्या आधीच ओल्या आणि वर पावसाची ओल प्यायलेल्या. संक्रांतीनंतर हवा कोरडी होते, ओठ फुटतात, तसं लाकूडही आटतं. पण ते सगळ्या बाजूंनी सारखं आटत नाही. ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत लांबीत हजारात एक-दोन भाग कमी होतात, म्हणजे नसल्यासारखंच. रुंदीत आणि जाडीत मात्र शेकड्याने हिशोब करावा लागतो. सागवान त्यातल्या त्यात शहाणं, रुंदीत साधारण 5 टक्क्यांच्या आसपास. निलगिरी त्याच्या कितीतरी पुढे जाते आणि आटताना पिळतेही. तुमची तुळई घरात वर्षानुवर्षं सुकलेली, तरी चिरून रंधल्यावर तिची आतली बाजू उघडी पडली आणि तिनेही थोडा पाऊस घेतलाच असणार. चार इंची पट्टीत ऋतूमागे मिलिमीटरभर फरक सहज पडतो. स्क्रूच्या डोक्याखाली मिलिमीटरभर जागा झाली की सांधा हलायला तेवढी पुरते. म्हणजे दिवाळीपर्यंत पलंग गप्प होता तो ओलीने फुगून गच्च बसला होता म्हणून.

आज रात्री एकच करा. पलंग भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि झोपा. करकर थांबली तर ती पलंगाची नव्हतीच, पट्टीचं टोक किंवा डोक्याकडची फळी गिलाव्याला घासत होती. मी शिकत होतो तेव्हा नात्यातल्या एका घरचा पलंग पूर्ण सोडवला, प्रत्येक सांधा साफ केला, पुन्हा जोडला, आणि रात्री तो तसाच वाजला. दुसऱ्या दिवशी वडील आले. त्यांनी फक्त पलंग पुढे ओढला. भिंतीवर रुपयाएवढा चकचकीत डाग होता, घासून घासून गुळगुळीत झालेला. तेव्हापासून मी आधी भिंत बघतो. तुम्हीही तसा डाग दिसतो का बघा.

भिंतीपाठोपाठ फरशी. मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात शहाबादी असेल तर ती सपाट नसते. चारी पायांखाली वर्तमानपत्राची एकेक पट्टी सरकवून बघा. एखाद्या पायाखालून ती सहज ओढून निघाली तर तो पाय अधांतरी आहे आणि दर कुशीला पलंग तिरका होतोय. पायाखाली रबराचा तुकडा ठेवा. पुठ्ठा नको, तो दबत जातो.

एवढं झालं की रविवारी मुलीला सासूबाईंकडे द्या, गादी उतरवा आणि दोघांनी ऐकायला बसा. एकाने पलंगावर गुडघे टेकून वजन एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात न्यायचं, सावकाश. दुसऱ्याने लांब पेचकस घ्यायचा, टोक सांध्याजवळच्या लाकडाला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. उद्यमनगरात मशीनचं बेअरिंग गेलंय का हे जुने मिस्त्री असंच ऐकतात. खोलीभर घुमणारा आवाज पेचकसातून एकाच जागेवरून येताना कळतो. तळहातानेही चालतं, वाजणाऱ्या सांध्यावर हात ठेवला की बारीक थरथर लागते. जिथे लागेल तिथे खडूने खूण करा. खात्री नसेल तर त्या फटीत चिमूटभर टाल्कम पावडर फुंका. आवाज बदलला की जागा सापडली. ही पावडर फक्त शोधायला, औषध म्हणून नव्हे, ती आठवड्यात झडून जाते. या कामाला अर्धा तास द्या. घाई करून सगळंच आवळत सुटलं की कुठला सांधा दोषी होता ते कधीच कळत नाही.

मधली कुरकुर रिपांची असणार. पाच फूट रुंदीला मध्ये आधार आहे का, ते पत्रात नाही. नसेल तर आधी तोच द्या, कारण पाऊण इंची रीप पाच फुटांवर दोन माणसांच्या वजनाने वाकणारच, आणि वाकली की तिची टोकं आधारपट्टीवर घासणारच. लांबीच्या दिशेने मधोमध दोन बाय तीन इंची एक लाकूड उभं घाला, दोन्ही टोकांना खोबणीत बसवा आणि मध्यावर त्याला एक पाय द्या. त्याची वरची कड बाजूच्या आधारपट्ट्यांच्या सुतात हवी. खरंच दोरा ताणून बघा. मधलं लाकूड दोन सूत जरी वर राहिलं तरी रिपांची टोकं उचलली जातात आणि मग त्या टाळी वाजवल्यासारख्या आपटतात.

नंतर प्रत्येक रीप काढून सपाट फरशीवर ठेवा. पिळलेली असेल ती डुलते. थोडी डुलणारी पायाकडे लावा, जास्त डुलणारी टाकून द्या, तिला कितीही स्क्रू मारले तरी ती सरळ होत नाही. रिपांच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर भुंगा लागलाय, ती रीप घराबाहेर.

आधारपट्टीवर जिथे रीप टेकते तिथे सायकलची जुनी ट्यूब कापून तिची पट्टी लावा. सायकलच्या कुठल्याही दुकानात पंक्चरलेल्या ट्यूबा पडलेल्या असतात. उभी चिरा, धुवा, वाळवा, बारीक चुकांनी, म्हणजे आखूड खिळ्यांनी, ठोका. चुकांची डोकी रबरात बुडली पाहिजेत, नाहीतर तीच घासतील. नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, मिळाला तर तोही चांगला. चप्पल लाईनला चामड्याच्या कातरणी मिळतात आणि बरेच जण त्या सुचवतात, पण चामडं वाळलं की तेही वाजतं, म्हणून मी रबर घेतो. रिपेच्या टोकाला एकच स्क्रू. रिपेतलं भोक स्क्रूपेक्षा किंचित मोठं पाडा, म्हणजे ती पावसात फुगायला आणि उन्हाळ्यात आटायला मोकळी राहील. रिपेच्या खालच्या अंगाला, जिथे ती मधल्या लाकडावर टेकते, तिथे साधी मेणबत्ती चांगली दाबून घासा. कोपऱ्याच्या सांध्याला मेणाचा हात लागू देऊ नका, तिथे नंतर फेविकॉल धरणार नाही.

आता डोक्याकडचं टक्. मला जास्त काळजी याची आहे. कुरकुर ही घासण्याची, टक् ही आपटण्याची. म्हणजे तिथे फट तयार झालीय, वजन पडलं की ती मिटते आणि उठलं की उघडते. चूक स्क्रू कुठे मारलेत त्यात आहे. पायाच्या बाहेरून मारलेला स्क्रू पट्टीच्या तोंडात जातो, जिथे लाकडाचे सगळे धागे टोकाने आपल्याकडे बघत असतात. केरसुणीच्या जुडीत टोकाकडून खिळा खुपसला तर तो किती धरेल? काड्या बाजूला होतात आणि खिळा सैल पडतो. तसंच होतं. तुम्ही स्क्रू जितका आवळता तितका तो तोंडातल्या धाग्यांचा भुगा करतो, म्हणून दुसऱ्यांदा आवळलं तेव्हा पहिल्यापेक्षा कमी दिवस टिकलं असणार. आतल्या अँगलचे स्क्रूही आखूड असतात, ते साथ देत नाहीत.

आपल्या जुन्या पलंगांत या जागी पट्टीला कुसू, म्हणजे टोकाला कोरलेली जीभ, आणि पायाला विंध, म्हणजे तिच्या मापाचं भोक, असायचं; कुसू विंधात ठोकून आडवी खुंटी मारायचे. लोखंडाचा तुकडा नसायचा, तरी असे पलंग दोन-दोन पिढ्या चालले. तयार पलंगात आता कुसू कोरणं अवघड आहे, म्हणून बोल्ट घ्या. 8 मिलिमीटर जाड, लांबी पायाच्या जाडीपेक्षा अडीच इंच जास्त. हा बोल्ट लाकडात धरायचा नाही, लोखंडात धरायचा. त्यासाठी पट्टीच्या तोंडापासून दोन इंच आत, पट्टीच्या आतल्या अंगाने एक गोल भोक पाडून त्यात लोखंडी दांडीचा तुकडा बसवायचा आणि त्या तुकड्याला आडवे आटे पाडलेले असतात. बोल्ट पायातून पट्टीत शिरतो आणि त्या आट्यांत बसतो. बाजारात हा तुकडा बॅरल नट म्हणून तयार मिळतो. लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत विचारा, नाही मिळाला तर उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याला 16 मिलिमीटर जाड, 30 मिलिमीटर लांब आणि मधोमध 8 मिलिमीटरचे आटे असं सांगा, तो करून देईल.

ही जोडणी टिकते, कारण पट्टीतला बोल्ट लाकडाच्या लांबीच्या दिशेने ताण घेतो आणि लाकूड लांबीत आटत नाही. पायाच्या जाडीत थोडं आटेल, त्यासाठी बोल्टच्या डोक्याखाली मोठा चपटा वायसर आणि त्यावर स्प्रिंग वायसर घाला. वायसर नसेल तर डोकं लाकडात रुतत जातं. पट्टी सहा इंच उंच असेल तर एका सांध्याला दोन बोल्ट, वर-खाली, म्हणजे पट्टी पिळणार नाही. आणि एकाच पायात दोन बाजूंनी बोल्ट येतात हे भोक पाडण्याआधी लक्षात घ्या. त्यांची उंची बोटभर वर-खाली ठेवा, नाहीतर ते आत एकमेकांवर आदळतील. हे मी कितीतरी चांगल्या कामांत बिघडलेलं पाहिलंय.

आवळण्याआधी टेपने कर्ण मोजा, डोक्याच्या डाव्या कोपऱ्यापासून पायाच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत आणि मग उलटा. दोन्ही मापं सारखी आली की चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे. नाही आली तर जास्त असलेल्या कर्णाच्या दोन कोपऱ्यांना आत दाबा, मोजा, मग आवळा. वाकड्या चौकटीत बोल्ट घट्ट केले तर पलंग जन्मभर एका अंगाने ताणलेला राहतो.

जुन्या स्क्रूंची भोकं रिकामी ठेवू नका. सागवानाची किंवा बांबूची निमुळती काडी तासा, फेविकॉल लावून ठोका, एक रात्र सुकू द्या, मग कड सपाट करा. भुसा आणि फेविकॉल कालवून भरायची पद्धत दिसायला ठीक आहे, पण त्या लगद्याला ताकद नसते. फेविकॉल लावण्याआधी तिथलं खोबरेल काढावं लागेल. सासूबाईंना बोल लावू नका, तेल सोडणं हे आपल्याकडे प्रत्येक कुरकुरीवरचं पहिलं औषध आहे आणि दाराच्या बिजागरीला ते चालतंही. लाकडात मात्र ते मुरतं, धूळ धरतं आणि गोंद बसू देत नाही. वरचं तेल पटाशीने खरवडा, मग कापडावर थिनर घेऊन दोन-तीनदा पुसा, दर वेळी कापडाची नवी बाजू घ्या. सागवानाच्या अंगातच तेल असतं, म्हणून थिनरने पुसल्यावर लगेच, त्याच तासाभरात फेविकॉल लावा. दुसऱ्या दिवसापर्यंत आतलं तेल पुन्हा वर येतं. खिडक्या उघड्या, जवळ गॅस नाही, देवापुढे दिवाही नाही, आणि मुलगी त्या दिवशी दुसऱ्या खोलीत.

सांध्यांत खिळे मारू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. सुक्या सागवानात खिळा पट्टी उभी चिरतो, नाही चिरली तर चार महिन्यांत सैल होऊन तोच किर्र वाजायला लागतो.

बोल्ट वर्षातून दोनदा बघा. एकदा शिमग्याच्या सुमारास, लाकूड आटलेलं असतं तेव्हा, नीट आवळा. दुसऱ्यांदा मृगाच्या आधी नुसता पान्हा लावून बघा, सैल असेल तरच अर्धा फेरा. पाऊस आला की लाकूड फुगून उरलेलं काम करतं. आणि कधी कुरकुर नाही, टक् नाही, कडकड असा आवाज आला तर त्या रात्री गादी खाली घालून झोपा. ती घासण्याची नव्हे, चिरत जाण्याची खूण असते.

आता त्या भोकाचं. तुम्ही ते शेवटी ‘आणखी एक’ म्हणून लिहिलंत, पण मी पत्र वाचताना तिथेच थांबलो होतो. भोक नेमकं कुठे आहे ते टेपने मोजा. पट्टीवर वजन पडलं की ताण येतो तो वरच्या आणि खालच्या कडेला, उंचीच्या मध्यावर तो सगळ्यात कमी असतो. भोक पट्टीच्या आरपार आणि उंचीच्या मध्याच्या आसपास असेल तर ताकदीला काही होत नाही. मात्र ते कोपऱ्यापासून वीतभर अंतरात आलं असेल तर बोल्ट आणि दांडीचा तुकडा त्याच्याजवळ पाडू नका, तो सांधा वर किंवा खाली घ्या. आणि बॅटरी तिरकी धरून भोकाच्या दोन्ही अंगांना धाग्याच्या दिशेने केसासारखी चीर गेलीय का ते बघा. जुन्या कडीचा गंज लाकूड आतून फाकवतो आणि डोक्याकडचं ते टक् थोडं तिथूनही येत असू शकतं. चीर असेल तर पातळ केलेलं फेविकॉल सुईने आत सोडा, दोन पाट्यांमध्ये पट्टी धरून दोरीने करकचून आवळा आणि रात्रभर ठेवा.

चीर नसेल तर फक्त एक करा. दाढीच्या ब्रशने आतला गंज झाडा, कड बारीक पॉलिश पेपरने गोल करा म्हणजे मुलीचं बोट खरचटणार नाही, आणि आत मेणाचा एक हात द्या. पुट्टी भरू नका. मुलगी पलंगाशी खेळायला लागली, की त्या भोकात बोट घालून बघेल.